आण्णांचे आठ मोड आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर ही म्हण सगळ्यांना माहितीय. आमच्याकडं जावई डॉक्टर नाही, माझा नवरा बँकेत आहे, तरी पण आण्णांनी दीड वर्ष हे मूळव्याधीचं दुखणं कुणाला सांगितलं नाही. आईला पण नाही. आईला संशय आला तो त्यांचे कपडे ते स्वतः धुवायला लागले तेव्हा, कारण लग्नापासून या माणसाने रुमाल कधी धुतला नव्हता.

आण्णा एसटीत ड्रायव्हर, एकतीस वर्षं सर्व्हिस, आता रिटायर. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, मी पुण्यात. वय त्यांचं त्रेसष्ट, शुगरची गोळी चालू. मूळव्याध बऱ्याच ड्रायव्हर लोकांना असते, इंजिनची धग, वेळेवर जायला मिळत नाही, स्टँडवरची मिसळ, सगळंच आलं. आणि एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर ते पिवळे स्टिकर तुम्ही पाहिलेच असतील, मूळव्याध, भगंदर, फिशर, बिना ऑपरेशन, बिना टाका, शंभर टक्के गॅरंटी. आण्णांनी ते एकतीस वर्षं रोज वाचलेत. माझं मत असं झालंय की आजाराने माणूस तिथं जात नाही, लाजेने जातो. मोठ्या हॉस्पिटलात रिसेप्शनची पोरगी सगळ्यांसमोर विचारणार, काका काय त्रास होतोय. इथं कुणी काही विचारत नाही, थेट आत घेतात.

तर त्यांचेच एक जुने कंडक्टर मित्र त्यांना तालुक्याला घेऊन गेले. मित्राचा साडू तिथून बरा झाला होता म्हणे. आमच्याकडं अशा लोकांना सरसकट 'बंगाली डॉक्टर' म्हणतात पण हा काही बंगाली बिंगाली नव्हता, आमच्याच जिल्ह्यातला, आमच्यासारखंच बोलणारा, आण्णांना "मामा" म्हणाला. त्यातच अर्धं काम झालं.

दोन गाळ्यांचं दुकान. बोर्डवर नावाच्या आधी 'डॉ.' आणि नावाच्या मागे अक्षरांची माळ. भिंतीवर अशोकस्तंभ असलेलं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट, खाली मोठ्ठा रजिस्ट्रेशन नंबर. आण्णा मला नंतर म्हणाले, अगं सरकारी शिक्का होता, मी वाचला की. पुढं भावाने त्याचा फोटो काढून आणला तेव्हा कळलं की ते उद्यमचं सर्टिफिकेट होतं. म्हणजे लघुउद्योगाची नोंदणी. पिठाची गिरणी काढली तरी मिळतं ते, घरी बसून, फुकट. त्याच्या शेजारी दुकानाचा गुमास्ता. दोन्ही कागद एकदम खरे, फक्त डॉक्टरकीशी त्यांचा काही संबंध नाही.

आत पडद्यामागे टेबल. बीपी नाही, शुगर नाही, सही कशावर नाही. "मामा आठ मोड आहेत, एका मोडाचे अडीच हजार." वीस हजार रोख. आण्णांनी पेन्शनच्या खात्यातून काढून नेले होते. कुठलं तरी इंजेक्शन त्या जागी दिलं, वीस मिनिटांत बाहेर, आणि एका काचेच्या बाटलीत गुलाबी तुकडे दाखवले, हे बघा मामा तुमचे मोड. घरी जाताना पथ्य सांगितलं, वांगं नाही, मटण नाही, मिरची नाही, आणि इथं आल्याचं कुणाला सांगू नका नाहीतर गुण येत नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मला आज पण चीड येते. बाकीचं सगळं सोडा, माणसाने कुणाला विचारूच नये याची सोय त्याने पथ्यात करून ठेवली होती.

चौथ्या दिवशी ताप, लघवी अडकली, बसता येईना झोपता येईना. तरी दोन दिवस आण्णा त्यालाच फोन करत होते आणि तो सांगत होता की जळजळ म्हणजे औषध लागू पडतंय. शेवटी आईने भावाला सांगितलं, भावाने गाडी काढली आणि सोलापूरला सर्जनकडे नेलं, मी पुण्याहून रात्रीच्या गाडीने पोचले.

सर्जन साहेबांनी जे सांगितलं ते जमेल तसं सांगते. त्या जागी काहीतरी जाळणारं औषध टोचलं होतं, काय ते कधीच कळलं नाही, त्यामुळे तिथलं मांस मेलं होतं आणि आत पू झाला होता. शुगर असलेल्या माणसात हे इन्फेक्शन तासातासाला पसरतं, जांघेपर्यंत, आणि माणूस जातो पण. दोनदा भूल देऊन मेलेला भाग काढावा लागला. नऊ दिवस ऍडमिट. तीन महिन्यांनी जखम भरताना जागा आवळली, मग ती रुंद करायचे उपचार. खर्चाचं लिहीत नाही, वीस हजारात 'बिना ऑपरेशन' बरे व्हायला गेलेला माणूस दोन ऑपरेशन करून आला एवढंच.

आणि आठ मोडांचं ऐकून सर्जन साहेब हसलेच. मूळव्याधीच्या गाठी साधारण तीन ठिकाणी असतात, घड्याळाचा डायल समजा, तीन, सात आणि अकरा वाजता. बाटलीतले तुकडे कशाचे होते देव जाणे, कोंबडीचे असतील असं भाऊ म्हणतो. आण्णांची मूळव्याध त्यांच्या अंदाजाने दुसऱ्या टप्प्याची होती, सुरुवातीला आले असते तर रबर बँड लावून काम झालं असतं, भूल पण लागली नसती. अजून एक गोष्ट ते म्हणाले जी मला माहीतच नव्हती. पन्नाशीनंतर शौचावाटे रक्त जात असेल तर मूळव्याध धरून चालायचंच नाही, आतून दुर्बिणीने बघायला लागतं, कारण आतड्याचा कॅन्सर पण अगदी असाच सुरू होतो. आण्णांची कोलोनोस्कोपी नंतर झाली, क्लिअर आली, पण तो रिपोर्ट यायच्या आदल्या रात्री आमच्या घरात कुणी झोपलं नाही. त्या पडद्यामागच्या माणसाने किती जणांचा कॅन्सर वीस हजार घेऊन मूळव्याध म्हणून जाळला असेल याचा विचार करा.

आता मुद्द्याचं, डिग्री कशी बघायची. मी हे सगळं नंतर शिकले, हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून मोबाईलवर, म्हणजे वराती मागून घोडं.

एमबीबीएस आणि त्याच्यापुढचे सर्जन वगैरे यांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, त्यांच्या वेबसाइटवर नाव नाहीतर नंबर टाकून बघता येतं. अलीकडचे नंबर वर्ष, महिना आणि मग आकडा असे असतात, जुन्या डॉक्टरांचे नुसते आकडे. नोंद दर पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, ती चालू आहे का ते पण बघा. एमएस, म्हणजे सर्जनची डिग्री असेल तर ती तिथं वेगळी चढवलेली असते. नुसता नंबर निघाला म्हणून खूश होऊ नका, नाव तेच आहे का बघा, कारण दुसऱ्याचा नंबर छापणारे महाभाग पण आहेत, आणि बोर्डवर खऱ्या सर्जनचं नाव लावून आत भलताच माणूस बसलेला असतो हे तर मी आता दोन ठिकाणी ऐकलंय. सरळ विचारायचं, सुरी कोण धरणार, त्यांचं नाव सांगा.

आयुर्वेदवाल्यांची नोंद वेगळ्या कौन्सिलकडे, भारतीय वैद्यकाच्या. इथं माझा एक गैरसमज होता तो सांगते, मला वाटायचं ऑपरेशन करणारा वैद्य म्हणजे बोगसच. तसं नाही. आयुर्वेदात शल्यतंत्राची, म्हणजे शस्त्रक्रियेची एमएस असते, तीन वर्षांची, आणि नोव्हेंबर २०२० च्या केंद्राच्या नोटिफिकेशनमध्ये एमएस झालेल्या वैद्यांसाठी ५८ शस्त्रक्रियांची यादी आहे, शल्यवाल्यांच्या भागात मूळव्याध भगंदर येतं. ऍलोपॅथीवाल्यांनी त्यावर संप केला होता ते आठवत असेल. भगंदराला क्षारसूत्र करतात ते पण खरं शास्त्र आहे, दोऱ्यावर निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे एकवीस थर चढवतात. पण हे करणारा एमएस शल्यतंत्र पाहिजे, 'पारंपरिक वैद्य, तिसरी पिढी' नाही. आमच्या या पठ्ठ्याने बोर्डवर 'क्षारसूत्र' पण लिहिलं होतं, चांगल्या शब्दांची चोरी करायला काय जातं.

नावामागच्या अक्षरांना तर अजिबात भुलू नका. याच्या माळेत आरएमपी होतं, म्हणजे नुसतं 'रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर', डिग्री नव्हे, इलेक्ट्रोहोमिओपॅथीचं काहीतरी होतं आणि एक चक्क एमबीबीएस होतं पण पुढं कंसात ए.एम., म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन, कंस एवढा बारीक की आण्णांच्या चष्म्याला दिसायचा प्रश्नच नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नंबर दवाखान्यात लावायचा आणि प्रिस्क्रिप्शन, सर्टिफिकेट, पैशाच्या पावतीवर पण टाकायचा. पावतीच देत नसेल तर तिथूनच चप्पल घालून निघायचं.

आणि नर्सिंग होम असेल तर नोंदणीचा कागद, रेट आणि रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर पाहिजे, २०२१ पासून आपल्याकडं नियमच आहे. मी परवा एका चांगल्या हॉस्पिटलात विचारलं तर बिचाऱ्यांनी कॅलेंडरच्या मागं टांगलेली दाखवली.

तक्रारीचं काय झालं तर ऐका. भाऊ पहिल्यांदा भांडायला गेला तेव्हा तो 'डॉक्टर' शांतपणे म्हणाला, मी कधी म्हणलं मी सर्जन आहे, आणि तुमच्याकडं पैसे दिल्याचा पुरावा काय. पुरावा नव्हताच, रोख दिलेले. मग आम्ही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज दिला, बोगस डॉक्टर शोधायला समित्या असतात, त्यांच्याकडं ते जातं. आम्हाला तारलं ते सोलापूरच्या डिस्चार्ज कार्डने, सर्जननी त्यात स्पष्ट लिहिलं होतं की अमुक तारखेला बाहेर इंजेक्शन दिल्याची हिस्टरी. असं काही झालं तर हे लिहून घ्याच. शिवाय आण्णांच्या फोनमध्ये त्याच्याशी झालेले सगळे कॉल ऑटो रेकॉर्ड झालेले, ते आम्हाला आणि आण्णांना दोघांनाही माहीत नव्हतं. चार महिन्यांनी धाड पडली, महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ खाली गुन्हा दाखल झाला, जामीन लगेच झाला. ग्राहक आयोगात पण जाता येतं, दोन वर्षांच्या आत, पाच लाखांपर्यंत फी नाही, पण आण्णा म्हणाले कोर्टात उभं राहून हे दुखणं सगळ्यांसमोर मला सांगायचं नाही. मी आग्रह केला नाही. केला पाहिजे होता का, अजून ठरत नाही माझं. तो माणूस आता पलीकडच्या तालुक्यात आहे असं ऐकलं, बोर्डवरचं 'डॉ.' गेलंय, 'उपचार केंद्र' आलंय.

मागच्या आठवड्यात आण्णांचा फोन. तेच कंडक्टर मित्र, ज्यांनी नेलं होतं, आता त्यांनाच त्रास सुरू झालाय. "तुझ्या मोबाईलवर बघ गं, नंबर सांगतो," म्हणाले आणि चष्मा लावून एकेक आकडा वाचला, मध्ये दोनदा चुकले. मी टाकला. निघाला, एमएस जनरल सर्जरी, रिन्यूअल पण चालू. म्हणलं आण्णा एकदम ओके आहे, फक्त बाई आहेत.

तिकडं दोघांचं बराच वेळ काहीतरी कुजबुजणं चाललं. मग आण्णांचाच आवाज, मला नाही, मित्राला, चांगला मोठ्याने, "अरे भिंतीकडं तोंड करून झोपायला लावतात, डॉक्टर दिसत पण नाही, चल तू."