‘हॅकनी डायमंड्स’ : ऐंशीच्या घरातले रॉक

रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम २० ऑक्टोबर २०२३ रोजी प्रकाशित झाला, तेव्हा गायक मिक जॅगर यांनी ऐंशी वर्षे पूर्ण केली होती आणि गिटारवादक कीथ रिचर्ड्स त्याच उंबरठ्यावर उभे होते. १९६२ साली सुरू झालेल्या या बँडने स्वतःच्या नव्या रचनांचा अल्बम २००५ नंतर प्रथमच काढला. सांगली-मिरजेत रॉक ऐकणारे आम्ही मूठभरच आहोत. परंतु वय झालेला गळा कसा ऐकावा, हे या परिसराला कोणी शिकवावे लागत नाही. मिरजेच्या नीळकंठबुवांकडे सुरुवातीची तालीम घेतलेले शास्त्रीय गायक मल्लिकार्जुन मन्सूर उतारवयात गात असत, तेव्हा श्रोत्यांनी त्या गाण्याला पिकलेले गाणे म्हणूनच मान दिला. रॉकच्या वाट्याला हा न्याय सहसा येत नाही, कारण ते तरुणांच्या रगेतून जन्मलेले, शरीराच्या जोरावर उभे राहिलेले संगीत आहे, आणि म्हणून म्हातारा रॉक गायक मंचावर आला की ‘आता पुरे’ हे शब्द लोकांच्या ओठांवर तयारच असतात. मला ते मान्य नाही. मात्र वयाकडे पाहून गुण वाढवून देणेही तितकेच चुकीचे आहे.

बारा गाण्यांच्या या अल्बमचा पूर्वार्ध मला कमी आवडला. निर्माते अँड्र्यू वॉट हे बँडच्या सदस्यांहून चाळीसेक वर्षांनी लहान आहेत आणि त्यांनी आणलेला उत्साह ‘अँग्री’ या पहिल्याच गाण्यात जाणवतो. पण तिथे प्रत्येक वाद्य सतत पुढे येऊन वाजते, मधे मोकळी जागा उरत नाही, आणि जॅगर यांचा आवाज इतका घासूनपुसून ठेवला आहे की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो. ‘बाइट माय हेड ऑफ’मध्ये बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी बेस गिटार वाजवली आहे. त्या गाण्याचा वेग अंगावर येतो, लक्षात मात्र फारसे राहत नाही.

बँडचे ड्रमवादक चार्ली वॉट्स २०२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी गेले. त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रित झालेली दोन गाणी इथे आहेत, ‘मेस इट अप’ आणि ‘लिव्ह बाय द सोर्ड’, आणि यांपैकी दुसऱ्यात तीन दशकांपूर्वी बँड सोडून गेलेले बिल वायमन पुन्हा बेस वाजवायला आले आहेत. वॉट्स यांचा ठेका किंचित मागे रेलून चालतो, घाई करत नाही. शेवटचे सोडून उरलेल्या गाण्यांत ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन यांनी नेटकी साथ केली आहे, तरी हे रेलणे त्यांच्याकडून मागू नये.

अल्बम खऱ्या अर्थाने उभा राहतो तो वय लपवण्याची धडपड थांबते तिथे. ‘टेल मी स्ट्रेट’ कीथ रिचर्ड्स स्वतः गातात. त्यांचा आवाज खरखरीत, मर्यादित पल्ल्याचा आहे, आणि त्या मर्यादेतच त्यांनी उदास, प्रामाणिक गाणे बांधले आहे. सात मिनिटांहून मोठ्या ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’मध्ये गायिका लेडी गागा आणि गायक-वादक स्टीव्ही वंडर साथीला आहेत, हे गाणे संपल्यासारखे होऊन पुन्हा उसळते आणि त्या दुसऱ्या भागात जॅगर गागांच्या बरोबरीने ज्या तयारीने वर चढतात, ती कुणाच्या सवलतीवर मिळवलेली नाही. २०१९ साली हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा हा दमसास आहे.

शेवटचे ‘रोलिंग स्टोन ब्लूज’ हे अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्स यांचे गाणे, ज्यावरून बँडला नाव मिळाले, जॅगर आणि रिचर्ड्स या दोघांनीच केले आहे : एक गिटार, एक हार्मोनिका, एक गळा. मिरजेच्या माझ्या एका परिचित सतारमेकरांना मी पहिले आणि शेवटचे अशी दोन गाणी त्यांच्या दुकानात ऐकवली. सतारीच्या घोडीवर, म्हणजे तारांखालच्या पट्टीवर, जवारी लावण्याचे (नाद खुलावा म्हणून ती घासण्याचे) काम चालू ठेवूनच ते म्हणाले, “पहिल्यात आवाज तासून ठेवलाय. इथं मोकळा सोडलाय बघा, आस ऐकू येते.” आस म्हणजे तार छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद. बँडविषयी काहीही ठाऊक नसलेल्या कानाने एवढे अचूक टिपले, याचे मला अप्रूप वाटले.

२००३ च्या एप्रिलमध्ये हा बँड मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला, तेव्हाही त्यांना वयस्कर म्हटले जात होते. त्यानंतर वीस वर्षांनी आलेला हा अल्बम सर्वस्वी उत्तम नाही, पण विकत घेण्याजोगा निश्चित आहे. नव्या श्रोत्याने शेवटच्या दोन गाण्यांपासून सुरुवात करावी, मग ‘टेल मी स्ट्रेट’ आणि वॉट्स यांची दोन गाणी ऐकावीत, आणि ‘अँग्री’कडे सवडीने वळावे. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र हे ऐकू नये. पूर्वार्धातली गर्दी तिथे नुसता कलकलाट होते आणि त्या अखेरच्या गिटारची आस तर पोहोचतच नाही.