घरी टाय रॉड एंड बदलल्यावर बिघडलेले स्टिअरिंग आणि यवतमाळचे अलाइनमेंट सेंटर

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावाला पोहोचण्यासाठी शेवटचे चार किलोमीटर पांदण रस्त्याने जावे लागते. पावसाळ्यात काळ्या मातीत पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत दगडासारख्या कडक होतात, आणि त्यांवरून ये-जा करून आमच्या लहान गाडीच्या दोन्ही टाय रॉड एंडचे, म्हणजे स्टिअरिंगचा रॉड चाकाला जोडणाऱ्या टोकांचे, सांधे सैल झाले होते. सुटे भाग आणून मी ते घरीच बदलले. जुना भाग किती फेऱ्यांत निघतो ते मोजून ठेवले आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवला. हे मोजमाप गाडी अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याच्या, दुकानापर्यंत नेण्यापुरतेच पुरते, कारण नव्या भागाची लांबी एक-दोन मिलिमीटरने जरी वेगळी असली तरी चाकांचा टो, म्हणजे चाकांची पुढची कड किती आत किंवा बाहेर वळली आहे ते माप, बदलतो.

मी मात्र त्यावरच पंधरा दिवस गाडी चालवली. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग डावीकडे कललेले राहत होते आणि वळण संपल्यावर ते आपोआप मध्ये येत नव्हते, हाताने ओढून आणावे लागत होते. पुढच्या टायरवरून तळहात आडवा फिरवला तर नक्षी एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखी लागत होती. ही खूण चुकलेल्या टोची असते, आणि ती दिसल्यावर मी जागा झालो.

प्रथम जवळच्या एका दुकानात गेलो. तेथे दहा मिनिटांत पडद्यावर हिरवे आकडे दाखवून गाडी परत मिळाली, परंतु स्टिअरिंग पूर्वीपेक्षा अधिक तिरपे झाले होते. म्हणून यवतमाळच्या, दारव्हा रस्त्यावरील सेंटरमध्ये गेलो, आणि हा अभिप्राय त्या सेंटरविषयी आहे.

तेथील तरुण मिस्त्रीने गाडी रॅम्पवर चढवली, पण चाकांना सेन्सर लावले नाहीत. ‘काकाजी, मशीन मंग लावू, आधी खालून पाहू द्या,’ एवढे बोलून तो बॅटरी घेऊन गाडीखाली गेला. चारही टायरमधील हवा सारखी करून घेतल्यावर त्याने मला खाली बोलावले आणि डावा टाय रॉड एंड दाखवला. तो भाग रॉडवर पक्का करणारा चेकनट आवळताना मी तो भाग सरळ धरला नव्हता, त्यामुळे तो पान्ह्यासोबत फिरून तिरपा बसला होता. सांध्यातील गोळी एका टोकाला टेकून अडकत होती, आणि स्टिअरिंग मध्ये न येण्याचे कारण तेच होते. रॅकवरील, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल रॉडपर्यंत पोहोचवणाऱ्या दातेरी भागावरील, घड्यांचे रबरी आवरण (बूट) हेही पिळलेले होते. बुटाची क्लिप सैल न करता रॉड फिरवला की असे होते, आणि पिळलेले बूट फाटले तर आमच्याकडची धूळ आणि चिखल थेट रॅकमध्ये शिरतात. सांध्याचा नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन मी जुनीच पुन्हा वापरली होती, तीही त्याने न विचारता बदलली.

त्यानंतर स्टिअरिंग मध्यावर पक्के करून मोजणी झाली. डाव्या चाकाचा टो ५ मिलिमीटर आत, उजव्याचा ४ मिलिमीटर बाहेर, म्हणजे बेरीज अवघी १ मिलिमीटर. आधीच्या दुकानात फक्त उजवा रॉड फिरवून ही बेरीज जुळवली गेली होती, म्हणून पडद्यावर सर्व हिरवे होते. पण स्टिअरिंग सरळ धरले की दोन्ही चाके उजवीकडे पाहत होती. या मिस्त्रीने दोन्ही बाजू स्वतंत्रपणे लावल्या आणि मला शेजारी बसवून गाडी रस्त्यावर नेली. स्टिअरिंग अजून किंचित कललेले वाटताच तो परत आला, आणि एक रॉड जेवढा लांब केला तेवढाच दुसरा आखूड करून त्याने ते सरळ केले. अशा रीतीने केल्यास एकूण टोला धक्का लागत नाही. मला या सेंटरचे सर्वांत अधिक मोल वाटते ते या दुसऱ्या फेरीसाठी, कारण पडद्यावरचे आकडे त्याआधीच बरोबर आलेले होते आणि तो तेथेच थांबू शकला असता.

त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. कापसाच्या हंगामात मालवाहू गाड्यांची रांग असते, आणि माझा क्रमांक यायला अडीच तास लागले. बसायला पत्र्याच्या शेडमध्ये एकच बाक आहे. मोजणीचा छापील कागद मागितल्याशिवाय मिळत नाही, तो आवर्जून मागावा. आकार ६०० रुपये, पिनेचे वेगळे पैसे नाहीत.

५०० किलोमीटरनंतर चेकनट तपासायला या, असे त्यांनी सांगितले होते. मागील आठवड्यात आईला दवाखान्यात नेले तेव्हा जाऊन आलो. त्याच मिस्त्रीने दोन्ही नट पान्हा लावून पाहिले, बुटांच्या घड्या बोटांनी चाचपल्या आणि पैसे घेतले नाहीत. टायरची करवत मात्र तशीच आहे, आणि पुढची जोडी बदलावीच लागणार आहे.