व्हिटॅमिन डी३चे सॅशे की रोजचे ड्रॉप्स? सीएफवाल्या लेकाला बरेच महिने देऊन झाल्यावर लिहितेय

लेक नऊ वर्षांचा, सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ), म्हणजे अंगातले स्राव घट्ट होणारा जन्मजात आजार. सीएफच्या बऱ्याच मुलांसारखे याचेही पॅनक्रियाजचे एन्झाइम आतड्यापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे तूप-तेल नीट पचत नाही आणि फॅटसोबत शोषली जाणारी ए, डी, ई, के ही चारही व्हिटॅमिन्स अंगाला लागत नाहीत. डीचा रिपोर्ट आला १४. सीएफमध्ये किमान ३० हवं असतं, म्हणजे नॅनोग्रॅम प्रति मिली. लॅब नॅनोमोलमध्ये देत असेल तर तेच ७५, तेव्हा आकडा बघून खूश व्हायच्या आधी युनिट बघा.

सुरुवात सॅशेने. ६०,००० युनिट, आठवड्यातून एकदा, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मुदतीपुरतंच. स्वस्त, कुठल्याही केमिस्टकडे मिळतं, रोजची कटकट नाही. पण ते दाणे दुधात कितीही ढवळा, थोडे पेल्याच्या बुडाशी बसतातच, मग परत घोटभर दूध घालून पेला खंगाळून पाजायचा आणि तोवर साहेबांचं तोंड वाकडं. शिवाय नेमकं त्याच दिवशी पोट बिघडलं की आख्ख्या आठवड्याचा डोस त्या एका दिवसाच्या पोटावर अवलंबून. १४ चे २२ झाले, म्हणजे उपयोग झाला नाही असं नाही, पण डॉक्टर म्हणाल्या आता रोज देऊ.

मग ड्रॉप्स. अमेरिकेच्या सीएफ फाउंडेशनच्या २०१२ च्या गाइडलाइनमध्ये एक ते दहा वयाला सुरुवात रोज ८०० ते १,००० युनिटने आहे, तीही डी२ नाही (तो व्हिटॅमिन डीचा दुसरा प्रकार), डी३ च, आणि मग रिपोर्ट बघून वाढवतात. आमचा डोस मुद्दाम लिहीत नाही, कारण कोणीतरी तोच देऊन मोकळं होईल. आम्ही रात्रीच्या जेवणात देतो कारण घरातलं तेच एक जेवण निवांत असतं. पहिल्या घासाआधी एन्झाइमच्या कॅप्सूल, मग वरणभात, वर चांगलं दोन चमचे तूप, आणि अर्धं ताट झालं की ड्रॉप्स. माझ्या मते खरा फरक इथेच पडला, औषधाच्या ब्रँडने नाही. उपाशीपोटी किंवा एन्झाइमशिवाय दिलेलं डी३ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तीन महिन्यांनी टेस्ट, ३३. त्याच्या आधी परत टेस्ट केली तर नीट कळत नाही म्हणे, आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो.

आता उन्हाबद्दल, कारण प्रत्येक नातेवाईक तेच सांगतो. सासूबाईंचं म्हणणं, कोवळ्या उन्हात बसव त्याला. पण सकाळी सातच्या उन्हात कामाचे, म्हणजे कातडीत व्हिटॅमिन डी तयार करणारे यूव्हीबी किरण फारच कमी, ते मिळतात आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हा, म्हणजे भर दुपारी, जेव्हा पोरगं शाळेत. गॅलरीला काच लावून घेतली असेल तर तिथे बसवून उपयोग नाही, काचेतून यूव्हीबी येत नाहीत. पावसाळ्यात तर मुंबईत ऊन शोधावंच लागतं. आणि सीएफच्या मुलाला घामातून मीठ भरपूर जातं, ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी मैदानात सोडायचं तर बाटलीत ओआरएस हवंच. छातीसाठी सिप्रो या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर ऊन टाळायचंच, कातडी भाजते, आणि त्या दिवसांत कॅल्शियमची गोळी सिप्रोसोबत द्यायची नाही, नाहीतर सिप्रो नीट शोषलंच जात नाही. तेव्हा ऊन खेळापुरतं, भरवसा ड्रॉप्सवर. बांगडा आणि अंड्याचा बलक चालूच आहे, त्याने तूट भरत नाही पण पोरगं आवडीने खातं.

तक्रार एकच, तीही मोठी. नेहमीची बाटली संपली होती तर केमिस्टने "सेम कंटेंट आहे मॅडम" म्हणत दुसरी हातात ठेवली. घरी येऊन बघितलं तर आधीच्यात एका मिलीत ८०० युनिट आणि हिच्यात ४००. तेवढंच मिली दिलं असतं तर डोस निम्मा! परत केली, वाद घालूनच. ड्रॉपरवरच्या खुणाही प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, म्हणून बाटली बदलली की ड्रॉपरही तिचाच वापरायचा, जुना फेकून द्यायचा.

आणि हो, आकडा कमी आला म्हणून सॅशे मनाने सुरू करू नका. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठता, किडनीला त्रास. मल्टिव्हिटॅमिनमध्येही डी असतं, तेही धरूनच बेरीज करायची. त्यातलं ए सुद्धा जास्त झालेलं चालत नाही.

सॅशेला ५ पैकी ३, ड्रॉप्सना ४. एक कापला तो बाटलीच्या झाकणासाठी, तिसऱ्या आठवड्यापासून गळतं आणि फ्रिजचा कप्पा चिकट होतो.