‘फुल कव्हरेज’ म्हणून विकलेली बेसिक पॉलिसी

न्यू जर्सीत नव्याने गाडी घेणाऱ्या सगळ्यांसाठी, आणि ज्यांचे आई-वडील उन्हाळ्यात येणार आहेत त्यांच्यासाठी तर नक्कीच.

आमचा कार विम्याचा एजंट आपल्याच मंडळींपैकी. एडिसनला ऑफिस, मराठीत बोलणं, गणपतीच्या वर्गणीत पुढे. जुन्या पॉलिसीपेक्षा बराच कमी प्रीमियम सांगितला. मी मुद्दाम विचारलं, "कव्हर कमी करून तर नाही ना?" उत्तर आलं, "ताई, फुल कव्हरेज आहे, कोलिजन, कॉम्प्रिहेन्सिव्ह सगळं. निर्धास्त राहा." दोन दिवसांनी इन्शुरन्स कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. पॉलिसीचे कागद मागितले, तर "कंपनी ईमेल करेल" म्हणाला.

आई कराडहून सहा महिन्यांसाठी आली होती. रूट २७ वर सिग्नलला थांबलो असताना मागून एक गाडी येऊन आदळली. चूक कोणाची यावर वादच नव्हता. आईच्या खांद्याचा स्नायू फाटला. इमर्जन्सी रूम, एमआरआय, ऑर्थोपेडिक, फिजिओथेरपी असं सगळं सुरू झालं. गाडी मात्र कोलिजनमधून (धडकेत आपल्या गाडीचं झालेलं नुकसान भरणारं कव्हर) व्यवस्थित दुरुस्त होऊन आली, त्यामुळे पॉलिसीबद्दल शंका यायचं कारणच नव्हतं.

मग एक दिवस अ‍ॅडजस्टरचा, म्हणजे दावा हाताळणाऱ्या कंपनीच्या माणसाचा फोन आला : तुमच्या आईंच्या उपचारांची मर्यादा संपत आली आहे. किती मर्यादा? १५,००० डॉलर.

इथे जरा थांबून सांगते, कारण भारतातून आलेल्या बहुतेकांचा इथेच घोळ होतो. न्यू जर्सी नो-फॉल्ट राज्य आहे. अपघातात चूक समोरच्याची असली, तरी तुमच्या आणि तुमच्या गाडीत बसलेल्यांच्या दवाखान्याचा खर्च आधी तुमच्याच पॉलिसीतल्या पीआयपीमधून, म्हणजे पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शनमधून जातो. (सोबतच्या माणसाची स्वतःची इथली कार पॉलिसी असेल, तर त्याच्या पॉलिसीतून. आलेल्या आई-वडिलांची अशी पॉलिसी कुठून असणार?) गाडीच्या नुकसानीला हा नियम लागू नाही, तिथे चूक कोणाची हे बघतातच. म्हणजे समोरचा कितीही दोषी असला, तरी तुमच्या माणसावर उपचार किती होणार हे तुम्ही घेतलेला पीआयपीचा आकडा ठरवतो.

आणि राज्यात पॉलिसी मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. स्टँडर्डमध्ये पीआयपी १५,००० पासून २,५०,००० डॉलरपर्यंत निवडता येतो. बेसिकमध्ये तो १५,००० वरच अडकलेला असतो. मेंदू किंवा मणक्याच्या गंभीर इजेसारख्या ठरावीक प्रकरणांतच २,५०,००० पर्यंत जातो. फाटलेला खांदा त्यात बसत नाही. बेसिकमध्ये दुसऱ्याच्या गाडीच्या नुकसानीसाठी फक्त ५,००० डॉलर असतात. तुमच्या चुकीने कोणी जखमी झालं तर त्याच्यासाठी शून्य, वेगळं मागून घेतलंत तर फार तर १०,०००. समोरच्याचा विमाच नसेल, तर त्याच्याऐवजी तुम्हाला भरपाई देणारं अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर बेसिकमध्ये नसतंच.

आमच्या मागून धडकलेल्याचा विमा लॅप्स, म्हणजे बंद झालेला होता.

गंमत म्हणजे काही कंपन्या बेसिकवरही कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह जोडून देतात. ही दोन्ही कव्हर फक्त गाडीच्या पत्र्यासाठी. एजंटचं "फुल कव्हरेज" ते हेच. फोनवर ऐकताना खोटंही वाटत नाही.

मी कंपनीकडून पूर्ण फाइल मागवली. न्यू जर्सीत प्रत्येक नवीन पॉलिसीसोबत कव्हरेज सिलेक्शन फॉर्म भरावा लागतो. पीआयपी किती आणि दुखापतीच्या त्रासासाठी समोरच्यावर दावा लावण्याचा हक्क मर्यादित की अमर्याद, हे त्यातच ठरतं. आमचा फॉर्म भरलेला होता, खाली माझ्या नावाची ई-सहीही होती. फक्त ज्या ईमेल पत्त्यावरून ती सही झाली, तो माझा नव्हताच. माझ्या नावाला जोडून कोणीतरी उघडलेला पत्ता, आणि कंपनीची सगळी पत्रं तिकडेच जात होती. एजंटला विचारलं, तर "सगळ्यांसाठी असंच करतो, तुमचा वेळ वाचावा म्हणून." हे वाक्य मी वकिलाला जसंच्या तसं सांगितलं.

वकिलाने समजावलं ते असं : फॉर्मवर सही असेल, तर कमी कव्हर विकलं म्हणून एजंटवर दावा टिकणं इथे फार अवघड. कायद्यानेच त्यांना तसं संरक्षण दिलंय. मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणे केलं हे दाखवावं लागतं. आमच्या प्रकरणात तो ईमेल पत्ताच पुरावा. ट्रेंटनच्या डिपार्टमेंट ऑफ बँकिंग अँड इन्शुरन्सकडे तक्रारही केली आहे. ती फुकट आणि ऑनलाइन करता येते, एजंटचं लायसन्स चालू आहे का तेही तिथेच दिसतं. आईच्या व्हिजिटर इन्शुरन्सने प्रत्येक तपासणीमागे ठरलेली छोटी रक्कम दिली, बिल त्याच्या कित्येक पट. पुढची फिजिओथेरपी तिने कराडला जाऊन घेतली.

तुमच्या पॉलिसीचं डिक्लेरेशन्स पेज (कुठलं कव्हर किती ते सांगणारं पान) आज कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः लॉगिन करून उघडा. एजंटने पाठवलेला फोटो नको. लॉगिनला कुठला ईमेल नोंदवलाय तेही बघा. पानावर ‘बेसिक’ शब्द दिसला, तर त्याच दिवशी फोन करा, कारण अपघातानंतर वाढवलेलं कव्हर त्या अपघाताला लागत नाही. स्टँडर्ड असेल तर पीआयपीचा आकडा बघा. स्टँडर्डमधली किमान लायबिलिटी, म्हणजे तुमच्या चुकीने जखमी झालेल्यांसाठीचं कव्हर, १ जानेवारी २०२६ पासून एका माणसाला ३५,००० आणि एका अपघाताला ७०,००० डॉलर झाली आहे. एका शस्त्रक्रियेचं बिल इथे किती येतं हे माहीत असणाऱ्याला हा आकडा पुरेसा वाटणार नाही.

एच-वन-बीवाल्यांनी (नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी) आणखी एक ओळ तपासावी : ‘हेल्थ प्रायमरी’. प्रीमियम कमी व्हावा म्हणून एजंट तिथे खूण करतात, म्हणजे आधी तुमचा आरोग्य विमा पैसे देणार आणि मग पीआयपी. नोकरी गेली की आरोग्य विमा जातो, आणि मग पीआयपीमधून मिळण्याआधी ७५० डॉलरचं जादा डिडक्टिबल (आधी स्वतःच्या खिशातून द्यायची रक्कम) भरावं लागतं.

आम्ही आता स्टँडर्ड घेतली आहे : पीआयपी २,५०,०००, लायबिलिटी आणि अनइन्शुअर्ड मोटरिस्ट दोन्ही एका माणसाला २,५०,००० / एका अपघाताला ५,००,०००, दाव्याचा हक्क अमर्याद. प्रीमियम वाढला. सही मी कंपनीच्या साइटवर बसून, माझ्या ईमेलवरून केली.