रागसंगीताच्या बंद झालेल्या सीडी महागात घेतल्या, काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, मी ऑडिओफाइल, म्हणजे आवाजाच्या क्वालिटीमागे वेडा झालेला, वगैरे नाही. घरी एक जुना सीडी प्लेअर, साधा अँप्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर आहेत, बस. गेल्या दिवाळीपासून दहा-बारा सीडी घेतल्या, सगळ्या हिंदुस्थानी शास्त्रीय, आणि सगळ्या आता नवीन निघत नाहीत अशा. सगळ्यात स्वस्त नऊशेला पडली आणि सगळ्यात महाग पोस्टेज, कस्टम धरून साडेसहा हजारांना. हो, एका सेटचे साडेसहा हजार. हिने बिल बघितलं आणि एवढंच विचारलं, "अहो, यूट्यूबवर नाही का हे?" प्रश्न रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो.

यूट्यूबवर बरंच काही आहे, पण जे आहे ते नीट बसून ऐकून बघा. कुणीतरी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवरून चढवलेलं असतं, पंचेचाळिसाव्या मिनिटाला बाजू संपते आणि ऐन बढतीत, म्हणजे राग हळूहळू उलगडत असताना, गाणं कापलं जातं, मग दुसरी बाजू सुरू होते ती अर्धा स्वर चढी, कारण त्या माणसाचा डेकच धड नसतो. स्ट्रीमिंग अॅपवर आवाज बरा असतो पण तिथली तऱ्हा वेगळी, कलाकार म्हणून तबलजीचं नाव, रागाच्या जागी नुसतं 'आलाप', संथ लयीतलं विलंबित एका अल्बममध्ये आणि त्याचं जलद लयीतलं द्रुत दुसऱ्याच कुठल्यातरी 'रिलॅक्सिंग इव्हिनिंग' छापाच्या संग्रहात. आणि काही लेबलं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या, तर तिथे औषधालाही सापडत नाहीत.

आता सीडीच का, तर आपल्या संगीतापुरतं उत्तर सोपं आहे, वेळ. ७८ आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, त्यात अख्खा राग कोंबायचा. एलपी आली तरी बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. कॅसेटमध्ये तीस किंवा पंचेचाळीस. १९८२ साली सीडी बाजारात आली ती ७४ मिनिटांची, पुढे ८० पर्यंत गेली, आणि मधे उठून बाजू बदलायची भानगड नाही. म्हणजे तासभराचा आलाप सलग घरी ऐकायची सोय पहिल्यांदा सीडीने केली, आणि ऐंशीच्या शेवटी, नव्वदच्या दशकात काही बारक्या लेबलांनी याचा मनापासून फायदा घेतला. लंडनचं नवरस, वेल्सच्या सीमेजवळचं निंबस, न्यूयॉर्कचं इंडिया आर्काइव्ह म्युझिक आणि रागा रेकॉर्ड्स, जर्मनीतलं छंदधारा, आपल्याकडे म्युझिक टुडे. कलाकाराला घड्याळ न दाखवता वाजवू द्यायचं, ही त्यांची खरी कमाई. मी जे पैसे देतोय ते त्या मोकळ्या सोडलेल्या वेळेचे देतोय, असं मला आता वाटतं. आवाजाच्या क्वालिटीचा नंबर त्याच्या नंतर.

महाग पडलेला सेट म्हणजे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा, डबल सीडी. नव्या लोकांसाठी सांगतो, हे डागरसाहेब १९९० ला गेले, पनवेलजवळ पळस्प्याला त्यांचं गुरुकुल, मुलगा बहाउद्दीन डागर आज तीच वीणा वाजवतात. साहेबांनी स्वतःची वीणा मोठी करून घेतली होती, तुंबे (भोपळे) मोठे, दांडी जाड, तारा जाड, त्यामुळे मंद्रातला (खालच्या सप्तकातला) स्वर छेडला की तो विझायला खूप वेळ घेतो आणि सगळं कर्तृत्व त्या विझण्याच्या वेळात आहे. तार आडवी ओढून स्वर हळूहळू खाली आणतात, आवाज अगदी बारीक होत जातो आणि तानपुऱ्यात मिसळतो, आणि मिसळला असं वाटत असतानाच शेवटची एक श्रुती (स्वराचा अगदी सूक्ष्म अंश) अजून शिल्लक असते. यूट्यूबवरच्या प्रतीत नेमकं तिथे काहीच ऐकू येत नाही, नुसती खरखर. कमी बिटरेटच्या, म्हणजे फार दाबून लहान केलेल्या, एमपीथ्रीत तानपुऱ्याची जवारी (तारांची झणकार) पाण्याखाली गेल्यासारखी गुरगुरते. सीडीवर ती शेवटची श्रुती आहे. मी रात्री साडेदहानंतर, समोरच्यांचा टीव्ही बंद झाल्यावर ऐकतो, दिवसा आमच्या रस्त्यावर रिक्षांच्या हॉर्नमध्ये साडेसहा हजार आणि साडेसहा रुपये सारखेच.

पण ख्यालाच्या, म्हणजे गाण्याच्या, सीडींच्या बाबतीत एवढा फरक नाही पडला हे पण प्रामाणिकपणे सांगतो. गळा खणखणीत असेल, तबला-पेटी साथीला असेल तर चांगल्या अॅपवरचं तेच रेकॉर्डिंग आणि सीडी यात मला डोळे मिटून सांगता येत नाही. नुसत्या आवाजासाठी म्हणून तिथे चार-पाच हजार टाकायचे असतील तर थांबा.

पुस्तिका हा भाग मी घेताना धरलाच नव्हता, आणि आता वाटतं निम्मे पैसे तिथेच वसूल झाले. इंडिया आर्काइव्ह म्युझिकच्या सीडीबरोबर येणारी पुस्तिका बारीक टायपात, राग कसा चालतो, जवळच्या रागांपासून कुठे वेगळा होतो, घराणं काय, सगळं सविस्तर. गाणं शिकणाऱ्या भाचीने ती नेलीये ती अजून परत आणली नाही. विकत घेताना 'पुस्तिकेसहित' लिहिलंय का ते बघाच, पुस्तिका नसेल तर मी किंमत सरळ निम्मी धरतो.

किमतीचं गणित काय तर गणित असं काही नाहीच. या लेबलांनी मुळात कमी प्रती काढल्या, नंतर कुणाचं दुकान बंद झालं, कुणाचे हक्क कुणाकडे गेले ते घरच्यांनाच ठाऊक नाही, आणि पुन्हा छापायचं तर कारखाना चार-दोन प्रती काढून देत नाही. घेणारे मोजकेच पण हट्टी. त्यामुळे एखाद्याने मनात येईल तो आकडा लावायचा आणि बसून राहायचं. दुर्मिळ आहे म्हणून भारी असेल असं अजिबात नाही हं, माझ्याकडच्या दोन सीडी महाग आहेत कारण त्या तेव्हा कुणी घेतल्याच नाहीत, आणि ऐकल्यावर कळतं का घेतल्या नाहीत. डिस्कॉग्ज या जुन्या रेकॉर्ड-सीडींच्या खरेदीविक्रीच्या वेबसाइटवर प्रत्येक सीडीच्या पानावर आधी कितीला विकली गेली, सगळ्यात कमी, मधली आणि सगळ्यात जास्त किंमत दिसते, ती मधली बघायची. लावलेला भाव आणि झालेला सौदा यात कधीकधी तिप्पट फरक असतो. तिथल्या वॉन्टलिस्टमध्ये टाकून ठेवा, कुणी विकायला काढली की मेल येते, घाई करू नका.

पूर्वी निदान दुकानात उभं राहून चाळता यायचं. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं (ती जागा नंतर नीरव मोदीने घेतली आणि मग ईडीने जप्त केली, काय एकेक नशीब असतं वास्तूचं). पुण्यात कर्वे रोडला अलूरकरांच्या दुकानात जायचं म्हणजे खरेदी कमी आणि शिकवणी जास्त. आता ऑनलाइन नाहीतर मग घर आवरणारी मंडळी. माझी सगळ्यात चांगली खरेदी ही दुसऱ्या प्रकारातली, सदाशिव पेठेतलं एक घर रीडेव्हलपमेंटला जात होतं, काकांनी सीडी गोदरेजच्या कपाटात धोतरांच्या खाली ठेवलेल्या, एकही ओरखडा नाही. किंमत विचारली तर म्हणाले, "ऐकणार असाल तर न्या, विकणार असाल तर नका नेऊ." मी एक नेली आणि बळेच नऊशे दिले.

आता डिस्कच्या तब्येतीबद्दल, कारण इथे लोक फसतात. सीडी मधून कडेकडे वाचली जाते, म्हणजे शेवटचा ट्रॅक बाहेरच्या कडेला. आणि जी खराबी होते, बोटांचे ठसे, ओरखडे, कडेने आत शिरणारी हवा, ती जास्त करून कडेलाच. म्हणजे रागाच्या सीडीत विलंबित ठणठणीत आणि नेमकं द्रुत नाहीतर 'झाला' (वाद्यावरचा शेवटचा वेगवान भाग) गचके खातो. सत्तरच्या वर मिनिटं असलेल्या सीडी तर अगदी कडेपर्यंत भरलेल्या असतात. विक्रेत्याने 'वाजवून बघितली, चालते' म्हटलं तर विचारा की शेवटची पाच मिनिटं ऐकली का. साधारण १९८८ ते ९३ च्या काळात इंग्लंडमध्ये पीडीओ या कंपनीच्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात काढलेल्या बऱ्याच सीडी कडेपासून तांब्याच्या रंगाच्या होत जातात, वरच्या लॅकरचा (संरक्षक लेपाचा) दोष, पुस्तिकेच्या कागदातला गंधक आत शिरतो. आतल्या बाजूला 'मेड इन यूके बाय पीडीओ' दिसलं की फोटो नीट उजेडात मागवा. जुन्या जाड डबल केसमध्ये स्पंजची चकती असते ती पहिली काढून फेका, वर्षांनुवर्षं विरघळून चिकटते आणि छापाच्या बाजूला डाग पाडते. आपल्या दमट हवेत पुस्तिकेची पिन गंजते ती वेगळीच, मी पिना काढून दोऱ्याने टाचल्या.

एक गंडवागंडवी पण झाली. बाहेरच्या देशातल्या एका विक्रेत्याने 'ओरिजिनल' म्हणून पाठवलेली सीडी उलटी केली तर खालची बाजू चक्क हिरवट. कारखान्यात छापलेली सीडी खालून चंदेरी असते, घरी बर्न केलेली हिरवट किंवा निळसर. कव्हर रंगीत झेरॉक्स, इतकं सफाईदार की लांबून कळू नये. मधल्या भोकाजवळच्या पारदर्शक कड्यात बारीक आयएफपीआय कोड (कारखान्याची ओळख) असतो, १९९४ नंतरच्या बहुतेक छापील सीडींवर, तोही नव्हता. भांडून पैसे मिळाले पण कस्टमचे गेले ते गेले. तेव्हापासून खालच्या बाजूचा आणि आतल्या कड्याचा फोटो आल्याशिवाय पैसे पाठवत नाही, आणि जो फोटो द्यायला कुरकुर करतो त्याला रामराम.

घरी आल्यावर पहिलं काम रिपिंग, म्हणजे सीडीवरचं गाणं कॉम्प्युटरवर उतरवून घेणं. लॅपटॉपला बाराशेचा यूएसबी ड्राइव्ह, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं सॉफ्टवेअर, फाइल फ्लॅकमध्ये (आवाजात काहीही न गाळणारा फॉरमॅट). एक अडचण येते ती कुणी सांगत नाही, अॅक्युरेटरिप म्हणजे दुसऱ्यांच्या रिपशी ताडून बघायची सोय, ती या सीडींना बहुतेक वेळा लागूच पडत नाही कारण जगात दुसऱ्या कुणी रिप करून नोंदवलेलीच नसते. मग टेस्ट आणि कॉपी दोन्ही करायचं आणि दोन्हीचा सीआरसी (फाइलचा पडताळणीचा आकडा) सारखा आला की झालं. एका सीडीच्या शेवटच्या ट्रॅकवर रात्रभर ड्राइव्ह घुरघुरत होता, सकाळी जुळला. आता रोजचं ऐकणं फाइलवरूनच होतं, सीडी प्लेअरवर महिन्यातून एखादवेळ. कुणी म्हणेल मग सीडी कशाला, तर फाइल आली कुठून हो?

कुठल्या अजिबात घेऊ नयेत तेही सांगतो, ७८ आरपीएमच्या गाण्यांचे सीडी संग्रह, निदान चढ्या भावात तरी नको. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे ती जुनी रेकॉर्डिंग लोकांनी मूळ तबकड्यांवरून चांगल्या सुईने उतरवून नेटवर ठेवलीत. केरीच्या केसरबाईंची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अवकाशात गेली ती ऐकायला तर एक रुपया लागत नाही. आणि सीडी काढताना बऱ्याच जणांनी खरखर घालवायच्या नादात तानेची धारच घासून टाकलीये. मला खरखर चालते, बोथट तान नाही चालत.

सध्या एका सरोदच्या सीडीवर डोळा आहे, मागणारा आठ हजार म्हणतोय आणि मधली किंमत तीनच्या आसपास दिसते, म्हणून मी गप्प बसलोय, तोही गप्प बसलाय. कुणाकडे इंडिया आर्काइव्हच्या जास्तीच्या प्रती असतील तर सांगा, पुस्तिका पाहिजे, केस फुटकी असली तरी चालेल, नवी स्वस्तात मिळते.