घोड्याचं वजन, मैदानाचा फरक आणि माझे दोन लाख

रबाळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं कॅलिब्रेशनचं काम करतोय. मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज. कुणाचं माप किती चुकतंय ते शोधायचं आणि त्यावर तारखेचं स्टिकर लावायचं. हे आधी सांगतो, कारण घोड्यांच्या शर्यतीच्या नादात मी दोन लाखांना फसलो हे उघडकीला आल्यावर मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुम्ही? तुम्ही तर भाजीवालीचा काटासुद्धा वाकून बघता!" खरं आहे. म्हणूनच लिहितोय. ज्याला हिशेब येत नाही त्याच्यासाठी हा सापळा नव्हताच, तो माझ्यासारख्यांसाठी लावलेला होता.

घोड्यांचा नाद मला गिरणीतल्या काकांनी लावला. नाद म्हणजे वर्षातून दोन-तीनदा ठाण्याहून दादर, दादरहून महालक्ष्मीचं रेसकोर्स, शंभर-दोनशेची विन-प्लेस (घोडा पहिला किंवा पहिल्या काहींत येईल अशी पैज) आणि येताना वडापाव. काका खेळायचे कमी आणि समजावायचे जास्त. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवतात, म्हणजे सगळे शेवटच्या खांबाशी बरोबरीने यावेत. प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि एका पॉइंटला अर्धा किलो. साठ रेटिंगच्या घोड्यापेक्षा ऐंशीवाला दहा किलो जास्त वाहणार. जॉकी हलका असेल तर खोगिराखाली शिसं भरून ते पुरं करतात. हे मला फार आवडायचं. देवळात जावं तसा मी त्या वजनकाट्याकडे बघायचो.

डिसेंबर २०२४ मध्ये, मुंबईचा सीझन सुरू असताना, व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला. फेसबुकवरच्या रेसच्या एका ग्रुपात मी माझा नंबर टाकला होता, ते माझंच शहाणपण. मेसेज साध्या मराठीत, शुद्धलेखनाची एकही चूक नाही. "काका, आम्ही टिप विकत नाही. आम्ही वेळ, वजन आणि अंतर यांचं गणित करतो. तीन आठवडे फुकट बघा, पटलं तर बोलू." सोबत हिरव्या मथळ्याचा एक तक्ता होता.

आता त्या तक्त्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण खरी मेख तिथेच होती.

पहिल्या रकान्यात घोड्याची मागच्या शर्यतीची वेळ. दुसऱ्यात विजेत्यापासून तो किती लेंथ मागे होता. एक लेंथ म्हणजे घोड्याची लांबी, साधारण अडीच मीटर. सोळाशे मीटरला घोडा सेकंदाला सोळा मीटरच्या आसपास पळतो, म्हणजे सेकंदाला सहा-साडेसहा लेंथ. हे मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलं, बरोबर होतं. तिसऱ्या रकान्यात वजनाचा फरक. सोळाशेला ढोबळमानाने एक किलो म्हणजे एक लेंथ. हजार मीटरच्या धावपळीत एका लेंथला किलोपेक्षा जास्त लागतं, चोवीसशेला त्याहून कमी, कारण लांब पल्ल्यात वजन अंगावर जास्त वेळ बसतं. तेही बरोबर. समजा एक घोडा ५६ किलो घेऊन दोन लेंथने जिंकला, दुसरा ५८.५ घेऊन त्याच्या मागे आला. पुढच्या वेळी पहिल्यावर ५८ आणि दुसऱ्यावर ५७ किलो. फरक साडेतीन किलोंचा पडला, म्हणजे साडेतीन लेंथ. मागच्या वेळी दोनने हरलेला आता दीडने पुढे असायला हवा. कागदावर तरी. ही रीत जगभर चालते. अमेरिकेत अँड्र्यू बेयर यांनी १९७० च्या दशकात अशा 'स्पीड फिगर' प्रसिद्ध केल्या आणि पुढे त्या तिथल्या रेसच्या छापील माहितीत रोज येऊ लागल्या. तेव्हा गणित खोटं नव्हतं. मी त्यातली एकेक बेरीज तपासली आणि प्रत्येक बरोबर निघाली.

आणि चौथा रकाना: 'मैदानाचा फरक'. पावसाने किंवा जास्त पाणी मारल्याने गवत जड झालं की सगळेच घोडे हळू पळतात. म्हणून त्या दिवसाच्या वेळांमधून काही सेकंद वजा करायचे. कोरड्या, टणक दिवशी उलटं करायचं. हेही शास्त्रशुद्धच आहे. मैदान किती टणक हे पेनेट्रोमीटर नावाच्या दांड्याने मोजतात. मोजमापाचं उपकरण म्हटल्यावर माझा ऊर भरून आला! त्या रकान्यात +०.८, -०.३ असे आकडे होते. ते कुठून आले, हे मी विचारलं नाही.

पहिल्या रविवारी तक्त्यातला अव्वल घोडा जिंकला. दुसऱ्या रविवारी जिंकला. तिसऱ्या रविवारी फेव्हरिट सोडून भलताच एक घोडा वर काढला होता, तोही जिंकला. मी एकाही शर्यतीवर पैसे लावले नव्हते आणि त्याचीच हळहळ वाटत होती. आता कळतं की ते काय होतं. समजा हजार लोकांना मेसेज पाठवले. शर्यतीत जिंकण्याजोगे चार घोडे आहेत, तर अडीचशे-अडीचशेंच्या चार गटांना चार वेगवेगळे घोडे द्यायचे. एका गटाचा घोडा जिंकणारच. पुढच्या आठवड्यात फक्त त्या अडीचशेंना मेसेज, पुन्हा चार गट. उरले बासष्ट. तिसऱ्या आठवड्यानंतर पंधरा. त्या पंधरा जणांच्या दृष्टीने तिन्ही वेळा अचूक निघालेला देवमाणूस भेटलेला असतो. बाकीचे नऊशे पंच्याऐंशी मेसेज डिलीट करून विसरून जातात, आणि विसरणारे कधी भेटून सांगत नाहीत. मी त्या पंधरांतला.

मग फोन आला. आवाज तिशीतला, बोलणं नम्र. "काका, घोडा खोटं बोलतो, जॉकी खोटं बोलतो, वजन कधी खोटं बोलत नाही." वर त्याने हेही ऐकवलं की सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ मानला आहे. ते खरंच आहे. कोर्टाने अनोळखी माणसाच्या यूपीआयवर पैसे पाठवा असं सांगितलेलं नाही, एवढा भाग मी माझ्या मनाने गाळला. महिन्याचे ३,००० भरले. पुढच्या महिन्याचेही ३,००० आगाऊ भरले, सवलत होती म्हणून. (सवलत काहीच नव्हती, दोन महिन्यांचे सहाच होतात. पण 'सवलत' म्हटलं की मी पाघळतो, हा आमच्या घरातला जुना विषय आहे.)

जानेवारीत 'जॅकपॉट पूल' निघाला. जॅकपॉटमध्ये सलग पाच शर्यतींचे विजेते ओळखायचे असतात. प्रत्येक शर्यतीत तीन घोडे धरले तर तीनचा पाचवा घात, २४३ तिकिटं. एकट्याला परवडत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून पैसे घालायचे, असं त्याचं म्हणणं. पुन्हा गणित बरोबर! मी ४०,००० पाठवले. दर वेळी पैसे जायचे ते खातं निराळं असायचं, कधी कुठल्या ट्रेडर्सचं, कधी कुणा बाईच्या नावाचं. "टॅक्सच्या सोयीसाठी, काका." फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं होतं, त्यात माझी रक्कम वाढताना दिसायची. फेब्रुवारीत डर्बीच्या, म्हणजे सीझनमधल्या सर्वांत मोठ्या शर्यतीच्या आठवड्यात आणखी १,००,०००. ही रक्कम आमच्या कोपरीच्या घराच्या वॉटरप्रूफिंगसाठी बाजूला ठेवली होती. हिला सांगितलं की कंत्राटदार पावसाळ्याच्या तोंडावर येणार आहे.

डर्बीनंतर ॲपमध्ये ४,१८,६०० दिसायला लागले. टोटचे, म्हणजे रेसकोर्सवरच्या अधिकृत पैजेचे डिव्हिडंड (जिंकणाऱ्याला किती मिळणार तो आकडा) तिथल्या बोर्डावर लागतात, ते कुणालाही बघता येतात. त्या दिवशीचा जॅकपॉटचा आकडा मी बघितला असता तर ॲपमधल्या रकमेशी त्याचा काडीचा संबंध नाही हे पाच मिनिटांत कळलं असतं. बघितला नाही. स्वतःच्या बाजूने आलेला आकडा तपासायला हात पुढे होत नाही.

पैसे काढायला गेलो तर म्हणे आधी २८ टक्के जीएसटी भरा, १,१७,२०८. मी घासाघीस केली आणि 'निम्मे आता, निम्मे पैसे आल्यावर' यावर तो तयार झाला. सरकारी कर कधी हप्त्याने ठरवून घेतात का? तरी ५८,६०४ पाठवले. आता इथे नीट वाचा. त्या वेळी २८ टक्के जीएसटी होता हे खरं, पण तो पैज लावतानाच, लावलेल्या रकमेवर घेतला जायचा, जिंकल्यावर नाही. आणि शर्यतीत दहा हजारांवर जिंकलात तर पैसे देणाऱ्याने आयकर कापून मग उरलेले द्यायचे असतात. तेव्हा ते कलम १९४-बीबी होतं, दर ३० टक्के. शर्यतीच्या रोख बक्षिसावर जिंकणाऱ्याने आधी कर भरायचा आणि मग ते घ्यायचं, असा प्रकार कायद्यात नाही. कुणी असं म्हणाला की तिथेच फोन ठेवा.

यानंतर उलगडा झाला तो ट्रान्स-हार्बरच्या गाडीत. ऐरोली सोडल्यावर आमच्याच डिपार्टमेंटमधला एक पोरगा शेजारी उभा होता, वय सव्वीस-सत्तावीस, नवीन लग्न झालेलं. त्याच्या फोनवर तोच हिरव्या मथळ्याचा तक्ता. माझ्या पोटात गोळा आला. त्याला विचारलं तर आधी तो लाजला. "काका, तुम्हीपण?" मग दोघांनी जानेवारीतल्या एकाच शर्यतीचे तक्ते शेजारी धरले. माझ्याकडे एक घोडा अव्वल, त्याच्याकडे दुसराच. बेरजा दोन्हीकडे बिनचूक. गाडी रबाळ्याला थांबली, आम्ही उतरलो नाही.

घणसोली यायच्या आत सापडलं. माझा अव्वल घोडा आधीच्या एका रविवारी धावला होता. त्या रविवारचा मैदानाचा फरक माझ्या तक्त्यात +०.८ सेकंद होता, म्हणजे मैदान जड. पोराच्या तक्त्यात त्याच रविवारचा फरक -०.५, म्हणजे मैदान कोरडं. अरे, दिवस एक, गवत एक, दुपार एक! फरक १.३ सेकंदांचा. सेकंदाला सहा लेंथ धरल्या तर जवळपास आठ लेंथ, म्हणजे आठ किलो, म्हणजे सोळा रेटिंग पॉइंट. एवढ्यात कुठलाही घोडा कुठेही नेता येतो. ज्या घोड्याला वर काढायचं, तो ज्या दिवशी धावला त्या दिवसाचं मैदान जड दाखवायचं, बास. पुढचं सगळं गणित प्रामाणिकपणे त्यालाच अव्वल ठरवतं.

कारखान्यात आम्ही ज्याच्यावरून बाकीची मापं तपासतो त्याला मास्टर म्हणतात. मास्टरचं सर्टिफिकेट कुणाचं, ते पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. मी इथे सगळी मापं तपासली. मास्टर त्याने स्वतः घरी बनवलेला होता.

फोन केला, बंद. ॲप उघडेना. इथे माझ्याकडून सर्वांत मोठी चूक झाली, आणि तिच्याबद्दल मला पैशांपेक्षा जास्त राग येतो. अकरा दिवस मी कुणाला सांगितलं नाही. वॉटरप्रूफिंगचे पैसे कुठे गेले हे बायकोला सांगायचं कसं, या विचारात अकरा दिवस मासुंदा तलावाला फेऱ्या मारल्या. पोराने मात्र त्याच संध्याकाळी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला. त्याचे २२,००० गेले होते, त्यातले १६,००० पुढच्या खात्यात गोठले. माझ्या २,०४,६०४ मधले फक्त १८,५०० सापडले, बाकी पैसे तोवर चार-पाच खाती फिरून एटीएममधून निघाले होते. तुमच्या बाबतीत असं झालं तर घरी सांगायच्याही आधी १९३० लावा, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, खात्याची नावं, चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, आणि लाज वाटली म्हणून चॅट डिलीट करू नका. मी निम्मी केली होती.

बायकोला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. पावसाळ्यात हॉलच्या कोपऱ्यात घमेलं ठेवलं, तेही न बोलता. १८,५०० कोर्टाच्या आदेशाने परत यायला पुढचे कित्येक महिने गेले.

ठाण्यात सायबर पोलिसांकडे जबाब लिहून घेताना तिथल्या हवालदाराला मी लेंथ, किलो, सेकंद सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि लिहिलं, 'मैदानाच्या फरकाचे खोटे आकडे दाखवून विश्वास संपादन केला.' माझ्या दहा मिनिटांचं त्याने एक वाक्य केलं. कलमं घातली, न्याय संहितेचं ३१८(४) आणि आयटी कायद्याचं ६६-डी. मग पेन खाली ठेवून त्याने विचारलं, "काका, ती जानेवारीतली शर्यत, तुमचा घोडा एक आणि पोराचा एक. जिंकला कुठला?"

माझा पाचवा आला होता. पोराचा सातवा.