त्यानं बुटाचा नंबर विचारलाच नाही

लक्षद्वीपच्या डायव्हिंग सहलीच्या नावाखाली पुण्यातल्या आमच्या दहा जणांच्या गटाचे ३ लाख ६० हजार रुपये गेले. दहापैकी सहा जणांकडे डायव्हिंगचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं कार्ड आहे, म्हणजे विषय न कळणारी माणसं फसली असं नाही. मोसमाच्या सहलींची जुळवाजुळव सुरू झाली की अशी पत्रकं पुन्हा फिरतात, म्हणून ही फसवणूक कशी रचली होती आणि कुठे कुठे उघडी पडत होती ते तपशिलात लिहितोय.

माणशी ४८ हजारांत कोची-अगत्ती-कोची विमान, पाच रात्री मुक्काम, आठ डाइव्ह आणि परमिट, असं पॅकेज सहल विकणाऱ्या माणसाच्या पत्रकात होतं. त्यानं पैसे एकदम मागितले नाहीत. आधी ८ हजार जागा धरायला, मग २२ हजार विमानाला, शेवटी ६ हजार ‘अर्जंट परमिट’ला. उरलेले १२ हजार बेटावर पोचल्यावर द्यायचे. या शेवटच्या हप्त्यानंच विश्वास बसतो. पैसे बाकी ठेवणारा माणूस पळून कशाला जाईल, असं वाटतं. त्याला ते १२ हजार कधी नकोच होते.

अशा फसवणुकीला लक्षद्वीप सोयीचं पडतं ते परमिटमुळे. मालवणला किंवा गोव्याला गिऱ्हाईक रात्रीच्या बसनं जाऊन दारात उभं राहू शकतं. इथे १९६७ च्या नियमांनुसार बेटांवर न राहणाऱ्या भारतीयालाही प्रवेशाचा परवाना लागतो. त्यामुळे कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर तयार असतं: ‘परमिट प्रोसेसमध्ये आहे, आलं की सगळं पाठवतो.’ हॉटेलचं नाव? परमिट आलं की. बोट कोणाची? परमिट आलं की. दोन महिने आम्ही हेच ऐकत होतो.

खरं परमिट नावानिशी असतं, ठरावीक बेटांसाठी आणि ठरावीक तारखांसाठी. अर्ज प्रशासनाच्या ई-परमिट पोर्टलवर होतो आणि सरकारी फी काही शे रुपयांची असते, माणशी ६ हजार कधीच नाही. होमस्टेत किंवा स्थानिक यजमानाकडे राहायचं असेल तर पोलिसांचा पडताळणी दाखलाही लागत आलाय. पुण्यात त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. आमच्याकडून फक्त आधारचा फोटो घेतला होता. मग जे परमिट म्हणून आलं त्यात दहा जणांची नावं एकाच पानावर होती, दोघांच्या नावांचं स्पेलिंग व्हॉट्सअॅपवर असतं तसं, आणि बेटांच्या रकान्यात अगत्ती, बंगाराम, कदमत, मिनिकॉय असं सगळंच. मिनिकॉय बाकीच्या बेटांपासून कितीतरी दक्षिणेला आहे. पाच रात्रींत ही चारही बेटं करून आठ डाइव्ह मारणं शक्य नाही, हे नकाशा उघडला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

विमानाची तिकिटं मात्र खरी होती, आणि इथे भलेभले फसतात. पीएनआर आला, एअरलाइनच्या साइटवर नावं दिसली, गट निर्धास्त झाला. बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल मात्र त्याचा होता. तीन आठवड्यांनी तिकिटं रद्द झाली, परतावा त्याच्या खात्यात गेला आणि रद्द झाल्याचा मेसेजही त्यालाच. निघायच्या आठ दिवस आधी एकानं सहज सामानाची मर्यादा बघायला साइट उघडली तेव्हा कळलं. पीएनआर एकदा तपासून पुरत नाही, दर चार दिवसांनी बघा. त्यापेक्षा सरळ, तिकीट स्वतःच्या कार्डावर स्वतः काढा. अगत्तीला लहान एटीआर विमानं जातात, जागा मोजक्या असतात आणि भाव चढतो. तरी परमिट हातात आल्यावर महाग तिकीट काढणं परवडलं.

पण परमिट, तिकीट हे सगळं नंतरचं. डायव्हिंग करणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशीच शंका यायला हवी होती, ती पत्रकातल्या दोन ओळींवरून.

पहिली ओळ: ‘ऑक्सिजन सिलिंडर व सर्व साहित्य समाविष्ट’. डायव्हिंगच्या सिलिंडरमध्ये नुसता ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते. नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर साधारण ११ लिटरचा, २०० बार दाबापर्यंत भरलेला, म्हणजे सुमारे २२०० लिटर हवा. शुद्ध ऑक्सिजन घेऊन ६ मीटरच्या खाली गेलं तर तोच विषासारखा काम करतो, पाण्यात झटके येऊ शकतात. शुद्ध ऑक्सिजन बोटीवर असायला हवा, पण तो अपघात झाल्यावर वर द्यायला. ज्याचा धंदाच डायव्हिंगचा आहे तो पत्रकात ‘ऑक्सिजन सिलिंडर’ लिहीत नाही.

दुसरी ओळ: ‘दिवस ६: सकाळी दोन डाइव्ह, दुपारी परतीचं विमान’. खोलवर श्वासाबरोबर घेतलेला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघायच्या आत विमानात बसलं तर केबिनमधल्या कमी दाबानं त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, वाईट वेळी मज्जारज्जूला इजा होते. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि एकाहून जास्त किंवा सलग काही दिवस केल्या असतील तर किमान १८ तास थांबतात. चांगला डायव्ह सेंटरवाला पूर्ण शेवटचा दिवस कोरडा ठेवतो. आमच्यातल्या एकानं हे विचारलंही होतं. उत्तर आलं, ‘तुमच्यासाठी अॅडजस्ट करू.’ हे अॅडजस्ट करायची गोष्टच नाही. त्या उत्तरावर फोन ठेवायला हवा होता.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्यानं न विचारलेल्या गोष्टी. खरा डायव्ह सेंटरवाला पैशांआधी माहिती मागतो आणि भरपूर मागतो. कार्ड कुठल्या पातळीचं, नंबर काय, शेवटची डाइव्ह कधी, एकूण किती. उंची आणि वजन, कारण त्यावर वेटसूट, बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जाकीट) आणि कमरेचं शिसं ठरतं. फिन्ससाठी बुटाचा नंबर. चष्मा असेल तर मास्कचा नंबर. दमा, रक्तदाब, कानाचं ऑपरेशन, चालू औषधं विचारणारा वैद्यकीय फॉर्म. त्यात काही प्रश्नांना ‘हो’ आलं तर डॉक्टरांची सही. लांबच्या बेटावर हे सगळं आधीच पोचवावं लागतं, कारण तिथे १२ नंबरचा फिन किंवा साधी रबरी ओ-रिंगसुद्धा आयत्या वेळी मिळत नाही. आम्हा दहा जणांपैकी एकालाही त्यानं बुटाचा नंबर विचारला नाही. चौघांकडे तर कार्डच नव्हतं. त्यांनी तारकर्लीला केलेल्या पहिल्या डाइव्हचं प्रमाणपत्र दाखवलं आणि त्यानं ‘चालेल’ म्हणून त्यांनाही आठ डाइव्ह लिहून दिल्या. ते प्रमाणपत्र म्हणजे भाग घेतल्याचा कागद. तशी ओळख-डाइव्ह जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत आणि प्रशिक्षकाच्या हाताशी, एका प्रशिक्षकामागे चौघांहून जास्त नाही. १८ मीटरपर्यंत जोडीदारासोबत उतरायला ओपन वॉटर कार्ड लागतं, आणि त्यासाठी समुद्रात चार डाइव्हचं प्रशिक्षण व्हावं लागतं.

तेव्हा विकणाऱ्याला तुम्हीच विचारा. सिलिंडरला रेग्युलेटर (तोंडाशी हवा देणारं उपकरण) योकचा लागतो की डिनचा, म्हणजे जोडणी कुठल्या प्रकारची? बेटावर कॉम्प्रेसर आहे का, दिवसाला किती सिलिंडर भरतात? बोटीवर ऑक्सिजन किट आहे का? दाबचिकित्सेचा चेंबर (बुडबुड्यांच्या त्रासावर जिथे दाबाखाली उपचार होतात) जवळात जवळ कुठे, आणि तिथवर न्यायचं कसं? कागदावर पाठवतो म्हणाला तर थांबा, फोनवरच उत्तर घ्या. मग बेटावरच्या सेंटरचा नंबर पत्रकातून न घेता स्वतः शोधा आणि विचारा, या तारखांना या नावानं बुकिंग आहे का. आम्ही हा फोन सगळ्यात शेवटी केला. तिथल्या माणसानं आम्हाला पॅकेज विकणाऱ्याचं नावही ऐकलेलं नव्हतं.

बिलावरचा जीएसटी नंबरही नुसता बघून सोडू नका. पंधरा अक्षरं असतात, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं: कंपनीला सी, एकट्या व्यक्तीला पी. आमच्या बिलावर वर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलेलं आणि नंबरात पी. जीएसटी पोर्टलवर टाकल्यावर तो एका कपड्याच्या दुकानाचा निघाला. पैसेही यूपीआयनं तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या बचत खात्यांत गेले होते.

पैसे गेल्याचं कळलं की पहिल्या तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली तरच काही हाती लागतं. प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक लागतो, तो स्क्रीनशॉटमध्ये आहे का बघा. गटातले काही पुणे शहरात आणि काही पिंपरी-चिंचवडमध्ये राहत असतील तर दोन्हींची आयुक्तालयं वेगळी आहेत. एकमेकांची वाट न बघता ज्यानं पैसे पाठवले त्यानं आपापली तक्रार त्याच दिवशी नोंदवावी. आम्ही ‘सगळे मिळून जाऊ’ म्हणत दोन दिवस घालवले आणि तेवढ्यात खाती रिकामी झाली. कार्डानं भरलेले पैसे असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत, मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची.

सध्या पुण्यातल्या काही ग्रुपवर अंदमानच्या बॅरन बेटाचं पत्रक फिरतंय. कंपनीचं नाव नवीन आहे, ‘ज्वालामुखीच्या बेटावर उतरून कॅम्पिंग’ असं लिहिलंय. बॅरनवर पर्यटकांना उतरू देत नाहीत, ते बोटीतूनच बघायचं असतं. पत्रकाच्या दुसऱ्या पानावर ‘ऑक्सिजन सिलिंडर व सर्व साहित्य समाविष्ट’ ही ओळ शब्दशः तीच आहे, आणि शेवटच्या दिवशी सकाळी दोन डाइव्ह, दुपारी विमान.